पहिले मिनिट

ऑल्विन पास्कल हा मनुष्य मला कधीच आवडला नाही, आणि त्यालाही मी आवडलो नाही. लंडनमधल्या टॉटनहॅममध्ये एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, मध्ये एक काच ठेवून, आम्ही अकरा वर्षे काम केले. त्या अकरा वर्षांत त्याने मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. मी लिंकनशरमधल्या, कोबीच्या शेतांनी वेढलेल्या एका गावचा आहे हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले आणि त्या दिवसापासून मी ‘कोबी’ झालो. कॉलेजात शिकलो हे कळल्यावर ‘शिकलेला कोबी’.

माझे काम काचेअलीकडे बसून नोंदी आणि हिशेब ठेवण्याचे, त्याचे प्लेट कापण्याचे. नवे गाणे दुकानात येण्याच्या कितीतरी आधी डीजेला त्याची एक प्रत हवी असे, आणि पुष्कळ गाणी तर दुकानात येतच नसत. तो टेप घेऊन आमच्याकडे येई. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ काळा थर असतो. ती लेथवर, म्हणजे कोरण्याच्या यंत्रावर, फिरत असताना तापलेली सुई त्या थरात खोबण कोरत जाते आणि निघालेला केसासारखा काळा धागा नळीतून ओढला जातो. थर मऊ असल्यामुळे प्लेट टिकत नाही. चाळीस-पन्नास वेळा वाजली की तिच्यातून गाण्याऐवजी वाळू ऐकू येऊ लागते. पण तोपर्यंत ते गाणे साऱ्या लंडनमध्ये त्या एकाच माणसाच्या पेटीत असते. शुक्रवारी दुपारी आमच्या जिन्यावर रांग लागे ती एवढ्यासाठी.

त्या रांगेला ऑल्विन माणसे मानत नसे. जिन्यात कुणी तरी ठेवलेले स्टूल त्याने उचलून खालच्या टायरवाल्याला देऊन टाकले, कारण ‘बसायला मिळालं की बोलायला लागतात’. त्याचे कृष्णवर्णी आईवडील कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटाचे. कुणी त्याला जमैकाचा म्हटले तर त्या दिवशी त्या माणसाची प्लेट सर्वांत शेवटी कापली जाई. दुपारी तो बहिणीने बांधून दिलेला खारा मासा आणि तळलेली पोळी भिंतीकडे तोंड करून खाई. कुणाला घासभर विचारल्याचे मी पाहिले नाही.

एकदा एक मुलगी आली, परिचारिकेच्या गणवेशात, कामावरून सुटून थेट. पहिलीच टेप होती तिची. ऑल्विनने अर्धे मिनिट ऐकले.

“हे आवाज कुणी मिसळले?”

“मी.”

“डोळे मिटून की कान मिटून?”

रांगेतले हसले. मुलीचे कान लाल झाले.

“कापून देतो,” तो म्हणाला, “पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस.”

आणि मग त्याने त्या टेपवर पाऊण तास घालवला. ती गेल्यावर मी काचेच्या फटीतून म्हणालो, “एवढं करायचंच होतं तर तिला रडवलं कशाला?”

“तुझ्या कोबीला विचारतोस का, पाऊस पडताना रडू येतं का म्हणून? आपलं काम कर.”

मी हे मान्य केले पाहिजे, की कामाच्या बाबतीत त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. सुई खोबणीत उतरली की त्याचा उजवा हात आवाजाच्या नॉबवर जाई आणि गाणे संपेपर्यंत तिथेच राही. तो हात हलताना दिसत नसे. एखाद्याने आजाऱ्याच्या मनगटावर बोटे ठेवावीत तशी ती ठेवलेली असत.

त्याच्या लेखी जगात एकच संगीत होते: जंगल. मिनिटाला एकशे साठहून अधिक ठोके, जुन्या रेकॉर्डवरून उचललेले ड्रमचे तुकडे फोडून पुन्हा भलत्याच क्रमाने लावलेले, खाली पोटात जाणवणारा, ऐकण्यापेक्षा सोसण्याचा खर्ज, आणि वर एखादा गायक कुणाला तरी दटावत, बोलावत, शिव्या घालत असलेला. ऑल्विनने तरुणपणी थोरल्या भावाबरोबर कपाटाएवढे स्पीकर जिन्यांवरून चढवले-उतरवले होते. जंगलमध्ये त्याला तेच स्पीकर ऐकू येत.

या संगीताची एक रीत होती. सुरुवातीची शांत तयारी संपून खर्ज कोसळला आणि गर्दीला तो आवडला, तर गर्दी भिंतींवर मुठी आपटू लागे, शिट्ट्या फुंके. मग डीजेने गाणे तिथल्या तिथे थांबवायचे, प्लेट हाताने उलटी फिरवून आरंभाशी न्यायची आणि पुन्हा सुरू करायची. याला रिवाइंड म्हणत. एकाच गाण्याला तीन रिवाइंड मिळाले की तो डीजे आठवडाभर छाती काढून हिंडे. पण मऊ प्लेटवर सुई अशी उलटी ओढली की आरंभाची खोबण सोलून निघे. शेवटची चार मिनिटे कोरी करकरीत आणि पहिले मिनिट मात्र भाजलेले, अशा प्लेटा लोक घेऊन येत.

ती तक्रार सर्वांत आधी घेऊन आला लिंडन टॅरंट. साल त्र्याण्णव. लंडनबाहेरच्या स्टीव्हनेजचा, गोरा, एकोणीस वर्षांचा, काटकुळा, तोंडाने फटकळ; ऑल्विनला त्याच्याच भाषेत उलट बोलणारा रांगेतला एकमेव.

“अंकल अल, हे बघा काय झालंय! सुरुवातच संपली. दोन आठवड्यांत!”

“दोन आठवड्यांत तुला इतके रिवाइंड मिळाले? लोकांना कान नाहीत का स्टीव्हनेजात?”

“तुमच्यापेक्षा बरे आहेत. काही तरी करा की.”

“मी काय करू? तू हात धुऊन प्लेट ओढत जा.”

पण ऑल्विनने केले. दोन दिवस त्याने वाया गेलेल्या तबकड्यांच्या मागच्या बाजूवर प्रयोग केले आणि एक रीत बसवली: पहिले मिनिट आवाज जरा खाली धरून खोबण किंचित खोल कापायची, म्हणजे ती उलट्या सुईला दाद देणार नाही, आणि खर्ज कोसळण्याच्या क्षणी हात सोडून द्यायचा. प्लेट दुप्पट टिकू लागली. शिवाय आरंभ हळू असल्यामुळे खर्ज असा काही कोसळे की रिवाइंड मागण्यावाचून गर्दीला गत्यंतर उरत नसे. टॅरंट त्या शनिवारी दुपारी धावत जिना चढून आला. त्याने माझ्या टेबलावरची कागदी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर जाड पेनाने लिहिले, ‘पहिलं मिनिट सांभाळ, अल. – लिं.’ आणि ती पट्टी लेथच्या करड्या पत्र्यावर, नॉबच्या अगदी वर, चिकटवली.

“हे कशाला?” ऑल्विन म्हणाला.

“म्हाताऱ्या माणसांना लिहून द्यावं लागतं.”

ऑल्विन तेव्हा चाळिशीचा होता. तो हसला. त्याचे हसणे मी ऐकले ते तेवढे एकदाच. पट्टी त्याने काढली नाही. चार वर्षांत ती पिवळी पडली, तिच्यावर बोटांचे तेल चढले, आणि ती तिथे आहे हेही कुणाच्या लक्षात येईनासे झाले.

त्या चार वर्षांत जंगल फुटले. आधी नाव बदलले. वर्तमानपत्रांना जंगल म्हटले की मारामाऱ्या आणि अंमली गोळ्या आठवत. काही हॉलवाले तो शब्द जाहिरातीवर दिसला तर दार उघडत नसत. त्यांच्यासमोर ड्रम अँड बेस म्हटले की काम होई. पण बदलले ते नुसते नाव नव्हते. वेग तोच, किंबहुना थोडा अधिक. ड्रमही त्याच जातीचे. त्यातून गायक मात्र गेला. फुटलेले तुकडे पुन्हा सरळ ओळीत आले, घासूनपुसून पोलादासारखे झाले. खर्ज गोल होता तो दातेरी आणि सतत घोंगावणारा झाला. आणि नव्या डीजेंना थांबणे नको होते. एका गाण्याचा शेवट वाजत असताना दुसऱ्याचा आरंभ त्याच्या खाली मिनिटभर, दीड मिनिट सरकवत न्यायचा, जोड कुठे आहे ते कुणाला कळू द्यायचे नाही, यात त्यांचे कसब होते.

“हे जंगलच आहे,” ऑल्विन म्हणे, “फक्त आतली माणसं बाहेर काढून दिलेली.”

टॅरंट आता तेविशीचा होता आणि नव्या बाजूला होता. नुसता बाजूला नव्हे, पुढे होता. रांगेतले निम्मे लोक त्याची गाणी मागत. ‘अंकल’ गळून पडले होते.

“जंगल म्हणजे काय होतं, ऑल्विन? दर दोन मिनिटांनी गाडी थांबवायची, मागं घ्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. पोरखेळ.”

“त्याच पोरखेळावर तू बूट घालायला शिकलास.”

“आणि तू अजून तेच बूट घालून बसलायस.”

“माझे बूट काळे आहेत, लिंडन. तुला रंगाचा त्रास होतो का आताशा?”

जिन्यातले लोक वळून पाहू लागले. टॅरंट पांढराफटक पडला. “ते बोलू नकोस,” तो म्हणाला. “ते मला बोलू नकोस.” ऑल्विनने लेथचे बटण दाबले आणि नळीच्या आवाजात पुढचे सगळे बुडवून टाकले. ते बोलणे अन्यायाचे होते, असे मला तेव्हाही वाटले.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये टॅरंटला एका मोठ्या हॉलमध्ये वाजवायला मिळाले. हजारभर माणसे. ऑल्विनने कापलेली नवी प्लेट त्याने चालू गाण्याखाली सरकवली, तर तिचा आरंभ ऐकूच येईना. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. आणि खर्ज कोसळला तेव्हा तो इतका प्रचंड आला की यंत्रणेने स्वतःला वाचवण्यासाठी सगळे बंद करून टाकले. हजार माणसे चार मिनिटे नुसत्या दिव्यांखाली उभी होती. कुणी तरी बदकासारखा आवाज काढला आणि मग सगळ्या हॉलने काढला.

सोमवारी सकाळी तो आमच्या मालकीणबाईंकडे गेला. मिसेस स्टाव्हरू सायप्रसच्या. नवऱ्याने लग्नातल्या गाण्यांच्या रेकॉर्ड कापायला हे लेथ घेतले होते, आणि तो गेल्यावर बाईंनी ते जंगलवाल्यांच्या हवाली केले. त्यांना दोन्ही संगीतांतले एकही सहन होत नसे. टॅरंटचे म्हणणे स्पष्ट होते: ऑल्विन मुद्दाम ड्रम अँड बेसच्या प्लेटा दबक्या कापतो, तो या खुर्चीवर राहणार असेल, तर शुक्रवारची निम्मी रांग उद्यापासून दुसरीकडे जाईल.

मंगळवारी अकरा वाजता बाई वर आल्या. टॅरंटने बरोबर त्याच टेपची दुसऱ्या एका कारखान्यात कापलेली प्लेट आणली होती. रांगेतले तिघे-चौघे साक्षीला. मीही काचेपलीकडून आत आलो. दोन्ही प्लेटा एकाच यंत्रावर, एकाच सुईने वाजवल्या आणि सगळ्यांनी आवाजाच्या काट्याकडे पाहिले. दुसरीकडची प्लेट पहिल्यापासून सपाट. ऑल्विनच्या प्लेटवर काटा पहिले मिनिटभर दोन घरे खाली राहिला आणि मग उसळून वर गेला.

“दिसलं?” टॅरंट म्हणाला. “दिसलं ना सगळ्यांना?”

बाई ऑल्विनकडे वळल्या. “हे तू मुद्दाम करतोस?”

“मी सगळ्यांच्या प्लेटा अशाच कापतो.”

“सगळ्यांच्या? मग बाकीचे का ओरडत नाहीत?”

“त्यांना हवं असतं म्हणून.”

“हे काय उत्तर झालं? अरे बाबा, नीट सांग. का करतोस असं?”

ऑल्विनने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मला वाटते, त्या पहिल्या मिनिटात आपला हात वेगळे काही करतो आहे हे तो स्वतःच विसरून गेला होता, आणि काट्याने त्याला त्याची आठवण करून दिली. मग त्याने मान वर केली.

“याला विचारा,” तो म्हणाला.

टॅरंट लेथला टेकून उभा होता. त्याची नजर नॉबवर गेली आणि नॉबच्या वर थांबली. स्वतःचे अक्षर माणसाला लगेच ओळखू येते. बाईंची पाठ त्याच्याकडे होती. साक्षीदार ऑल्विनकडे पाहत होते. टॅरंटने अंगठ्याच्या नखाने पट्टीचे टोक उचलले, ती हळूच सोलली, मुठीत चुरगाळली आणि मूठ जाकिटाच्या खिशात घातली.

“मला काय विचारायचंय?” तो म्हणाला. “लेथ याचं, हात याचा.”

हे मी पाहिले. माझ्यापासून ते तीन हातांवर घडले. करड्या पत्र्यावर बोटभर लांबीची एक फिकट जागा उरली होती. ऑल्विननेही ती पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिले.

“कोबी, तू तिथंच उभा आहेस. इथं काय होतं ते सांग बाईंना.”

आदल्याच शुक्रवारी, माझी आई गावाहून आली होती तेव्हा, तिच्यादेखत त्याने मला तीच हाक मारली होती आणि तिला विचारले होते की मी लहानपणापासूनच असा हिरवा आहे का. आई हसली होती, कारण तिला वाटले की लंडनमध्ये असेच बोलतात.

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

ऑल्विनने पुन्हा कुणाला काही विचारले नाही. त्याला सांगता आले असते. तीन वाक्यांत रिवाइंडपासून सगळे सांगून तो मोकळा झाला असता. पण ज्याच्यासाठी केले त्यानेच सांगावे, अशी त्याची अट होती, आणि ती त्याने मोडली नाही.

बाईंनी निर्णय तिथेच दिला. खुर्ची राहील. मात्र ड्रम अँड बेसची प्लेट पहिल्या क्षणापासून सपाट कापायची. एकदा आवाज ठरवला की नॉबला हात लावायचा नाही. एक तक्रार आली की दुसरा माणूस.

“कळलं?”

“कळलं.”

त्या दिवसापासून ऑल्विन अशा प्लेटा खुर्चीवर बसून कापत नसे. आवाज लावायचा, सुई खाली सोडायची, आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. पाठ लेथकडे, दोन्ही हात खिशात, नजर खाली टायरच्या ढिगाऱ्यावर. गाणे संपले की यायचे, प्लेट पाकिटात घालायची, न बोलता द्यायची. टोमणेसुद्धा बंद झाले. जंगलची टेप आली तरच तो बसे आणि हात नॉबवर जाई. पण तशा टेपा महिन्यागणिक कमी होत गेल्या. नव्या लोकांना मात्र समाधान होते. “आता नीट कापतो म्हातारा,” ते म्हणत. “पूर्वी काही तरी ढवळाढवळ करायचा.”

माझ्याशी तो कामापुरते बोले, ‘कोबी’ म्हणूनच. मी एकदोनदा त्या मंगळवारचा विषय काढायचे ठरवले आणि काढला नाही.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात, एका बुधवारी दुपारी, टॅरंट जिना चढून आला. सहा वर्षे तो आपली टेप दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत असे. रांग उरलीच नव्हती. डीजे सीडीच्या चकत्यांवर स्वतःच गाणी उतरवून घेऊ लागले होते आणि बाई लेथला गिऱ्हाईक शोधत होत्या. टॅरंटचे केस मागे सरकले होते. हातात दोन कागदी पिशव्या होत्या; एकीतून गरम तळलेल्या पोळीचा वास येत होता.

“अंकल अल,” तो म्हणाला.

ऑल्विन प्लेटा पुसत होता. त्याने पुसणे थांबवले नाही.

“तुमच्यासाठी खारा मासा आणलाय. सेव्हन सिस्टर्स स्टेशनजवळच्या त्या बाईकडचा.”

“माझं जेवण झालंय.”

टॅरंटने पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, आणि मला ओळखल्यासारखे करून लगेच नजर काढून घेतली. “एक टेप आहे. परवा जुन्या लोकांचा कार्यक्रम आहे, सगळे येणारेत त्र्याण्णवचे. लोक रिवाइंड मागणार. मी दोन ठिकाणी कापून बघितली, सपाट येते. मला ती… तुम्ही पूर्वी कापायचात तशी हवीय.”

“कशी?”

“तुम्हाला माहितीय कशी.”

“नाही बाबा. सहा वर्षं मी सगळ्यांना सपाट कापतो. बाईंचा नियम आहे. तक्रार आली होती.”

“अल, ते तेव्हाचं तेव्हा. मी चुकलो असेन. आता सांगतोय ना? पहिलं मिनिट जरा सांभाळा. एवढंच.”

ऑल्विनने फडके खाली ठेवले. तो लेथपाशी गेला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाकून नॉबच्या वरच्या पत्र्याकडे पाहू लागला. ती फिकट जागा अजून तिथे होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे, ओळ वाचावी तसा. मग सरळ होऊन त्याने आधी माझ्याकडे पाहिले, नंतर टॅरंटकडे.

“असं इथं कुठं लिहिलेलं दिसत नाही मला,” तो म्हणाला.

त्याने टॅरंटच्या हातातली टेप घेतली, आवाज लावला, सुई खाली सोडली, आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.